शांत रस्त्याचे ऋण

एखादी चांगली गोष्ट कोणाच्या तरी नुकसानीतून निर्माण झाली आहे असे आपल्याला कळले, तर त्या गोष्टीचा आनंद आपण घ्यावा काय? प्रश्न जुना आहे. विद्वानांनी त्याचा पुष्कळ खल केलेला आहे, आणि मी काही विदुषी नव्हे. मुंबईत नर्सिंग शिकून, पुढे अमेरिकेत येऊन, इस्पितळात नोकरी करून निवृत्त झालेली मी एक बाई. परंतु हा प्रश्न माझ्या घरात सायकलवर बसून आला, आणि घरी आलेल्या प्रश्नाला दारातूनच परत पाठवणे मला जमत नाही. म्हणून वाचकांपुढे तो मांडते.

माझ्या बहिणीचा मुलगा आणि त्याचे दोन मित्र यांना सायकलीची फार हौस. शर्यतीची नव्हे, गर्दी सोडून डोंगरातल्या शांत रस्त्याने दिवसभर चालवीत राहण्याची. व्हर्जिनिया राज्यातील ब्लू रिज डोंगररांगेत ते वरचेवर जातात, आणि त्यांच्या मागून पाणी, फळे, मलमपट्टीचे सामान आणि जादा टायर-ट्यूब घेऊन मोटार हाकण्याचे काम माझ्याकडे असते. निवृत्त नर्सला याहून शोभेसे काम कोणते?

त्या रस्त्याची थोडी माहिती सांगते. फ्रंट रॉयल या गावापासून रॉकफिश गॅप या खिंडीपर्यंत, डोंगराच्या माथ्यामाथ्यावरून १०५ मैलांचा एक रस्ता गेला आहे. त्याचे नाव स्कायलाइन ड्राइव्ह. तो शेननडोआ राष्ट्रीय उद्यानातून जातो. मोटारींना ताशी ३५ मैलांची मर्यादा आहे आणि मालवाहू ट्रकांना वाटसरू म्हणून प्रवेश नाही. रॉकफिश गॅपपाशी हा रस्ता संपतो तोच ब्लू रिज पार्कवे सुरू होतो, आणि तो ४६९ मैल जाऊन नॉर्थ कॅरोलायनात चेरोकी गावाजवळ थांबतो. पार्कवेचे काम १९३५ साली सुरू झाले आणि ग्रँडफादर माउंटनच्या कडेचा शेवटचा पूल झाल्यावर १९८७ साली पुरे झाले. तेथेही ट्रक नाहीत, दुकानांच्या पाट्या नाहीत, वेग ४५ मैलांच्या आत. घाट चढताना आपल्याच श्वासाचा आवाज ऐकू यावा, अशी तेथील शांतता. आमच्या खंडाळ्याच्या नाहीतर वरंध्याच्या घाटात ज्याने ट्रकांचे भोंगे ऐकले आहेत, त्याला ती शांतता म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

एकदा वाटेतल्या थांब्यावर केळी सोलताना भाचा म्हणाला, "मावशी, या छंदात एक बरं आहे. कुणाला त्रास नाही, कुणाचं काही घेतलं नाही. फक्त रस्ता आणि आपण."

त्याचे म्हणणे मनापासून होते, आणि सायकलीपुरते ते खरेही आहे. पण नर्सच्या कानाला शांतता वेगळी ऐकू येते. रात्री दोन वाजता वॉर्डात शांतता असते, तेव्हा रुग्णाला वाटते की ती आपोआप आहे. ती आपोआप नसते. कोणीतरी मऊ तळव्याचे बूट घातलेले असतात, औषधाच्या गाडीच्या चाकांना तेल दिलेले असते, दिवा न लावता सलाइनचे थेंब मोजलेले असतात, आणि कण्हणाऱ्या म्हाताऱ्याचा हात धरून कोणी आया बसलेली असते. माझ्या सबंध नोकरीत मी एवढे शिकले की शांतता सापडत नाही, ती केली जाते. कोणी केली आणि तिची किंमत कोणी भरली, एवढेच विचारायचे असते.

तर मग या डोंगरावरची शांतता कोणी केली? कायद्याने केली, हे एक उत्तर. १९३३ नंतर सरकारी छावण्यांत भरती झालेल्या हजारो गरीब तरुणांनी तेथे दगडी कठडे बांधले आणि झाडे लावली, हे दुसरे. पण तिसरे उत्तर असे आहे की त्या डोंगरांत माणसे राहत होती, आणि त्यांना उठवण्यात आले. त्यांच्याही आधी तेथे अमेरिकेतील मूळ रहिवासी जमाती होत्या. त्यांची कथा आणखी मागची.

अमेरिकन काँग्रेसने १९२६ साली उद्यानास संमती दिली, पण जमीन राज्याने मिळवून द्यायची होती. हजारो लहानमोठे तुकडे एकेका मालकाकडून विकत घेत बसण्याऐवजी व्हर्जिनियाने १९२८ साली कायदा करून सरसकट जमीन ताब्यात घेण्याची सोय केली. १९३६ च्या ३ जुलैला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी उद्यानाचा अर्पण समारंभ केला. सुमारे ५०० कुटुंबांना डोंगर सोडावा लागला. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना पैसे मिळाले. जे पिढ्यान्‌पिढ्या कुळे म्हणून राहत होते, त्यांना जमिनीचे पैसे कोण देणार?

येथे दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. डोंगरातले जीवन सुखाचे नव्हते. चेस्टनटची झाडे रोगाने मेली आणि त्या फळांवर चार पैसे मिळवणाऱ्यांचा आधार गेला. काही कुटुंबे पैसे घेऊन आनंदाने उतरली. उद्यानामुळे उजाड उतारांवर पुन्हा जंगल उभे राहिले आणि लाखो शहरवासीयांना मोकळी हवा मिळाली. हे सारे खरे. पण १९३३ साली 'हॉलो फोक' नावाचे एक पुस्तक निघाले आणि त्यात हे लोक जगापासून तुटलेले, अगदी मागासलेले असे रंगवले गेले. पुढे ऑड्री हॉर्निंग या पुरातत्त्वज्ञ बाईंनी त्याच दऱ्यांतली पडकी घरे तपासली, तेव्हा तेथे खेळणी, औषधांच्या बाटल्या, ग्रामोफोनच्या तबकड्या अशा वस्तू मिळाल्या. म्हणजे ती आपल्या कोकणातल्या माणसांसारखी माणसे होती. गरीब, पण जगाशी व्यवहार असलेली. ज्याला उठवायचे त्याला आधी अडाणी ठरवावे, ही युक्ती फार ठिकाणी चालते.

त्या लोकांनी उद्यानाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेली पत्रे जपून ठेवलेली आहेत. त्यांतल्या मागण्या वाचून मला रात्री झोप आली नाही. कोणी परसातली भाजी काढून नेण्याची परवानगी मागतो. कोणी म्हणतो, घर पाडणारच आहात तर त्याची दारे-खिडक्या मला नेऊ द्या. आपल्याच घराची खिडकी नेण्यासाठी अर्ज! काही वृद्धांना मरेपर्यंत राहू दिले. त्यांतली शेवटची, अ‍ॅनी शेंक, १९७९ साली वारली. आजही त्या जंगलात शंभरावर लहानमोठ्या दफनभूमी आहेत. आपल्या नवगावच्या जुन्या कबरी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना झुडपात बुडालेला बिननावाचा दगड काय बोलतो ते कळेल.

आणखी एक गोष्ट. ही शांतता सुरुवातीस सर्वांसाठी नव्हती. १९३९ साली लुइस माउंटन येथे काळ्या लोकांसाठी वेगळी जागा उघडली. डोंगर एकच, पण तेथेही वाटण्या. १९५० च्या सुमारास तो भेद पुरता गेला.

हे सर्व मी घरी सांगितले, तेव्हा दोन मते पडली. भाचा म्हणाला, "मावशी, नव्वद वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. माझा काय दोष?" त्याची बायको म्हणाली, "दोष नसेल, पण कळल्यावर पुन्हा तिथे मजा करायला जाणं मला पटत नाही. दुसरा रस्ता शोधा."

दोघांचेही मी ऐकून घेतले. भाच्याचे म्हणणे की दोष नाही, हे बरोबर. परंतु दोष नसणे आणि देणे नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वडिलांनी काढलेल्या कर्जात मुलाचा दोष नसतो. पण त्या कर्जातून बांधलेल्या घरात तो राहत असेल, तर सावकाराला तो काय सांगणार? सूनबाईचे म्हणणे अधिक उदात्त दिसते, पण तेही मला पुरे पडत नाही. तिने रस्ता सोडला म्हणून कोणाची खिडकी परत मिळाली? उलट जो तेथे जातच नाही, तो पडकी भिंत पाहत नाही, आणि पाहत नाही तो विसरतो. शिवाय दुसरा रस्ता शोधायचा तरी कोठे? ज्या जमिनीवर पूर्वी कोणीच नव्हते, असा रस्ता अमेरिकेत मिळणे कठीण. इतरत्रही कठीणच.

आपल्या जुन्या ग्रंथांत यासारखा एक वाद आहे. एका माणसाने लाकडी तुळई चोरली आणि आपल्या वाड्यात घातली. आता काय करावे? शम्मायच्या पंथाचे म्हणणे, वाडा पाडावा आणि तुळई मालकाला द्यावी. हिल्लेलच्या पंथाचे म्हणणे, वाडा राहू द्यावा, तुळईची किंमत द्यावी. नाहीतर पश्चात्ताप झालेल्या माणसाला सुधारण्याची वाटच बंद होईल. मिश्नाने हिल्लेलच्या बाजूचा निर्णय मान्य केला. आमची सूनबाई शम्मायच्या बाजूची, हे उघड आहे. पण भाचा हिल्लेलच्या बाजूचा आहे असे मात्र कोणी समजू नये! हिल्लेलने वाडा राहू दिला, पण तुळई विसरा असे म्हटले नाही. किंमत द्या, असे म्हटले. 'झाले गेले विसरून जा' हे मत त्या वादात कोणाचेच नाही.

मग प्रश्न उरतो तो किमतीचा. मालक मेलेला, घर पडलेले. किंमत कोणाला आणि कोणत्या नाण्यात द्यायची?

येथे मला माझ्या धंद्यातले एक उदाहरण आठवते. हेन्रिएटा लॅक्स ही बाई १९२० साली याच ब्लू रिजच्या पायथ्याशी, रोअनोक शहरात जन्मली. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात तिच्यावर कर्करोगाचे उपचार चालू असताना तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. ती त्याच वर्षी वारली, पण त्या पेशी प्रयोगशाळेत वाढतच राहिल्या. पोलिओच्या लसीची परीक्षा करण्यात त्यांचा उपयोग झाला. आता मी शेकडो मुलांना पोलिओचे थेंब पाजले आहेत. ते थेंब ओतून द्यायला हवे होते काय? कोणतीही आई असे म्हणणार नाही. पण म्हणून त्या बाईचे नावही विसरायचे काय? कित्येक वर्षे तिचे नाव चुकीचे छापले जात होते. पुढे नाव सुधारले, तिच्या वंशजांनी दाद मागितली, २०२३ साली त्या पेशींवर व्यापार करणाऱ्या एका मोठ्या कंपनीने त्यांच्याशी तडजोड केली, आणि त्याच वर्षी रोअनोकमध्ये तिचा पुतळा उभा राहिला. म्हणजे किंमत देण्याचा क्रम असा: आधी नाव, मग हक्क, मग सन्मान. पहिल्या पायरीला पैसे लागत नाहीत. ती कोणीही चढू शकतो.

डोंगरातल्या लोकांच्या बाबतीतही ती पायरी बांधली जात आहे. ज्या आठ जिल्ह्यांतून कुटुंबे उठली, त्या प्रत्येक जिल्ह्यात दगडी धुराड्याच्या आकाराचे स्मारक उभारण्याचे काम त्यांच्या वंशजांनी हाती घेतले. पडक्या घराचे शेवटी धुराडेच उभे राहते, म्हणून धुराडे. त्यावर कुटुंबांची आडनावे कोरली आहेत.

पण वाचकहो, येथे एक सावधगिरी हवी. स्मरण ही किंमत झाल्यागेल्या अन्यायासाठी आहे. जो अन्याय चालू आहे त्याला स्मारक पुरत नाही. त्यासाठी अमेरिकेत राहण्याची गरज नाही, आपल्या रायगड जिल्ह्यातच चला. माथेरानला आपल्यापैकी पुष्कळ जण लहानपणी गेले असतील. मोटारबंदी असलेला डोंगर. १९०७ साली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी नेरळहून नेलेली छोटी आगगाडी, लाल माती, झाडांची सावली आणि अपूर्व शांतता. रुग्णवाहिका सोडल्या तर इंजिनाचा आवाज नाही. पण ज्याला चालवत नाही तो वर कसा जाई? घोड्यावर, नाहीतर हातरिक्षात. ती हातरिक्षा माणसे ओढीत आणि मागून ढकलीत असत, चढणीवर, पावसाळ्यात चिखलातून. मोटारीचा धूर नको म्हणून माणसाची छाती फुटेपर्यंत दम काढायचा! २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने तेथे विजेच्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला.

विजेच्या रिक्षांना विरोध करणाऱ्यांचे म्हणणे होते की एकदा चाके आली की मोटारीही येतील आणि शांतता जाईल. भीती अगदी खोटी नव्हती. पण तुळई अजून कोणाच्या खांद्यावर आहे तोवर हिल्लेलचा निर्णय लागू होत नाही. आधी ती खाली उतरवायची, किमतीचा हिशेब मग. दुसऱ्याच्या फुफ्फुसांवर चाललेली शांतता थोडी कमी झाली, तर होऊ द्यावी.

आणि आपल्याच पूर्वजांकडे पाहिले तर शांततेचा तिसरा प्रकारही दिसतो. कोकणात आपल्याला लोक शनिवार तेली म्हणत. सहा दिवस घाणा चालायचा, सातव्या दिवशी बंद. गिऱ्हाईक आले तरी बंद. त्या दिवशी घाण्याचा करकर आवाज नसे, बैल सावलीत रवंथ करीत असे. त्या शांततेची किंमत कोणी भरली? तेल्यानेच, आपल्या एका दिवसाच्या कमाईतून. आणि आज्ञा तरी कशी आहे: विश्रांती घरच्यांची तशीच चाकराची, जनावराची आणि वेशीच्या आतल्या परक्याचीही. आपण आराम करायचा आणि नोकराला राबवायचे, याला तेथे विश्रांती म्हटलेलेच नाही. आपल्या शांततेची किंमत आपणच भरावी आणि तिच्यात दुसऱ्याला वाटा द्यावा, हे आमच्या अशिक्षित आज्या-पणज्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

तेव्हा शांत रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याने काय भरावे? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली, नाव जाणणे. ज्या दरीच्या काठावर थांबून पाणी प्यायचे, ती दरी कोणाची होती एवढे विचारावे. दुसरी, चालू कष्ट ओळखणे. मोंटानातील ग्लेशियर उद्यानात गोइंग-टू-द-सन नावाचा रस्ता आहे. वसंत ऋतूत मोटारी सुरू होण्यापूर्वी काही आठवडे तो सायकलवाल्यांना मोकळा मिळतो, पण वर यंत्रांनी बर्फ काढणारी माणसे हिमकडे कोसळण्याचा धोका पत्करून राबत असतात. त्यांनी लावलेला अडसर ओलांडून जाणारा स्वतःबरोबर त्यांनाही संकटात घालतो. २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळाने ब्लू रिज पार्कवेची नॉर्थ कॅरोलायनात दाणादाण केली. तो दुरुस्त करणाऱ्यांचेही आपल्यावर देणे आहे. तिसरी गोष्ट, वाटा देणे. भाच्याचा एक मित्र म्हणतो की स्कायलाइन ड्राइव्हवर मोटारी कायमच्या बंद कराव्यात. मी त्याला विचारले, "अरे, चाकाच्या खुर्चीतला माणूस तो डोंगर कसा बघेल? तुझ्या पायांत बळ आहे तोवर तुला हे सुचतंय." ठरावीक दिवशी मोटारी थांबवाव्यात, त्याला माझी ना नाही. पण ज्यांना एकदा त्या डोंगरावरून खाली उतरवले, त्यांच्यानंतर आता अपंगांनाही उतरवायचे काय?

वाटा कसा द्यावा याचा धडा त्याच डोंगराच्या कुशीत आहे. १९७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षे झाली म्हणून, चार हजारांहून अधिक लोक सायकलीने देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या मार्गावर निघाले. रॉकफिश गॅपच्या खाली अ‍ॅफ्टन गावात चढणीवर जून करी या बाईंचे घर होते. घामाघूम परके तरुण दारात पाणी मागू लागले. बाईंनी पाणी दिले, मग कुकीज भाजून दिल्या, मग शेजारचे घर त्यांना उतरायला मोकळे करून दिले. २०१२ साली वारेपर्यंत त्यांचा हा क्रम होता. त्या घराच्या भिंती सायकलवाल्यांच्या पत्रांनी भरून गेल्या. लोक त्यांना कुकी लेडी म्हणत. रस्ता त्यांच्या दारावरून गेला. त्यांनी तो त्रास मानला नाही, नाते मानले. एका डोंगरात दोन प्रकारची पत्रे: काही खिडकी परत मागणारी, काही पाण्याबद्दल आभार मानणारी. माणसाने कोणती पत्रे आपल्या नावावर जमा करावीत, हे सांगायला पंडित नको.

हा प्रश्न सायकलीपुरता नाही, हे सुज्ञ वाचकांच्या लक्षात आलेच असेल. आपण कोकणातून मुंबईस आलो, मुंबईहून कोणी इस्राएलला, कोणी इंग्लंडला, कोणी अमेरिकेस. आपण आपल्या खुशीने निघालो, अर्ज करून खिडकी मागण्याची पाळी आपल्यावर आली नाही, ही मोठी कृपा. पण जेथे जेथे आपण बिछाना टाकला, तेथे आपल्या आधी कोणी तरी झोपत होते. ते कोण, कसे गेले, हे विचारण्याचे धैर्य आपल्याजवळ असावे. मुलांना शिकवायचेच असेल तर हे शिकवावे की आनंद घेणे पाप नाही, आणि तो आयता मिळाला असे समजणे मात्र बरे नाही. सून अजून त्या रस्त्याने येत नाही. तिच्या मताचा मी मान राखते. भाच्याने मात्र त्या दऱ्यांत राहणाऱ्या घराण्यांची नावे एका कागदावर उतरवून सायकलच्या पिशवीत ठेवली आहेत. देणे फिटले असे मी म्हणणार नाही. पण ज्याला देणे आहे हे कळले, त्याने पहिला हप्ता भरला असे समजायला हरकत नाही.